घासू नका, आधी बघा: स्मारक नाणी शोधायची आणि त्यांचा दर्जा ठरवायचा क्रम

मोर्शीच्या बाजूच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. मला नाण्यांचा नाद आहे हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे महिन्यातून दोन-चार जण तरी रुमालात गुंडाळून काहीतरी घेऊन येतात. "भाऊ, हे पाहा बरं, किती येते याचे?" रुमाल सोडला की आत नाणं चकाचक. तिथंच कळतं की उशीर झाला. रात्री चिंचेनं घासलं, सकाळी मोबाइलवर भाव पाहिला, आणि नाणं नेमकं कोणतं हे विचारायला सगळ्यात शेवटी माझ्याकडं आले.

क्रम याच्या बरोबर उलटा हवा. आधी नाणं ओळखायचं, मग वजन-माप घ्यायचं, मग प्रकाशाखाली पाहायचं, दर्जा वहीत लिहायचा, आणि त्यानंतर भावाचं नाव काढायचं. घासणं यात कुठंच नाही.

हा लेख १९६४ च्या नेहरूंच्या रुपयापासून पुढच्या, भारत सरकारनं एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीसाठी काढलेल्या स्मारक नाण्यांपुरता आहे. वखरताना शेतात सापडलेलं गाडगं हा वेगळा विषय. ते १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यात येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

## बसण्याआधी

सोनार वापरतात ते दहापट भिंग घ्या. वीस-तीसपट दाखवतो म्हणून विकलं जाणारं स्वस्त भिंग नको. त्यात प्रत्येक नाणं खराबच दिसतं आणि माणूस उगाच निराश होतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक साधं चुंबक आणि व्यास मोजायचा प्लास्टिकचा व्हर्नियर एवढं जवळ ठेवा. व्हर्नियर लोखंडी नको, त्याचा जबडा नाण्याच्या कडेवर ओरखडा पाडतो.

उजेड हवा एका एलईडी बल्बचा. टेबललॅम्प असेल तर उत्तमच. ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबचा उजेड पसरट असतो, त्यात बारीक ओरखडे बुडून जातात आणि व्हीएफ, म्हणजे बरंच झिजलेलं नाणंसुद्धा नवं वाटतं. टेबलावर जाड मऊ कापडाची दुहेरी घडी पसरा, कारण नाणं एकदा तरी हातातून सुटणारच. शहाबादी फरशीवर पडलेल्या नाण्याची कड पुन्हा सरळ होत नाही.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. माझ्या हाताला दिवसभर तेल, हळद, गूळ असं काही ना काही लागलेलं असतं, म्हणून मी नाणी रात्री दुकान बंद झाल्यावरच काढतो. नाणं धरायचं ते फक्त कडेला, अंगठा आणि तर्जनीत. चेहऱ्यावर बोट टेकलं की आज काही दिसत नाही, पण पितळी नाण्यावर काही महिन्यांत त्याच बोटाचा ठसा तपकिरी होऊन वर येतो आणि मग जात नाही.

थांबा: कूलर सुरू असलेल्या खोलीत नाणी उघडून बसू नका. ओली हवा आणि बारीक पाण्याचे थेंब थेट नाण्यावर येतात.

## टप्पा १: नाणं शोधायचं कुठं

चलनातली स्मारक नाणी अजूनही चिल्लरीत सापडतात. पानठेला, आठवडी बाजारातला भाजीवाला, एसटीचे कंडक्टर, आणि यात्रेनंतर गावात येणारी चिल्लर या माझ्या चार जागा. दहा रुपयांच्या नाण्याला तर आपल्याकडं फारच सोपा रस्ता आहे. "हे चालत नाही" म्हणून कित्येक दुकानदार ते डब्यात टाकून ठेवतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं की दहाच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या चौदाही नक्षी कायदेशीर चलन आहेत. तरी डबे भरलेलेच आहेत. त्यांना दहाची नोट द्या, डबा तुमच्यापुढं रिकामा करतील. त्यात २०१५ चं योगदिनाचं किंवा डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं नाणं निघू शकतं.

पण चिल्लरीत उत्तम दर्जा क्वचितच मिळतो. एक नाणं दोन-तीन वर्षं खिशात, गल्ल्यात, पेटीत आदळलं की संपलं. दर्जा हवा असेल तर बँकेत नव्या नाण्यांच्या सीलबंद पिशव्या आल्या का हे कॅशियरला विचारत राहा, आणि मिळाल्यावर एक पिशवी घेऊन सगळी नाणी एका बैठकीत पाहा. शंभरातून मला तीन-चार ठेवण्यासारखी मिळतात, बाकीची गल्ल्यात जातात. लोक इथं हमखास चुकतात. पहिलं नवं नाणं हातात आलं की तेच पाकिटात भरतात. नव्या पिशवीतली नाणीसुद्धा एकमेकांवर आदळून आलेली असतात.

तिसरी जागा म्हणजे टाकसाळीचे संच. ७५, १००, १२५, १५० अशा किमतीची नाणी बाजारात फिरण्यासाठी काढलेलीच नसतात. ती टाकसाळीकडून संचात विकली जातात. संसदेच्या नव्या इमारतीचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं "बाजारात सापडलं" असं कोणी सांगितलं, तर ते कोणाच्या तरी संचातून सुटलेलं आहे एवढंच समजा. संचांबद्दल पुढं वेगळं लिहिलंय.

## टप्पा २: हे नाणं आहे का, आणि कोणतं

हसू नका. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या दोन-तीन वस्तू नाणी नसतातच.

सराफाकडची लक्ष्मी-गणपतीची चांदी म्हणजे नाणं नव्हे. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" असं लिहिलेले जाडजूड शिक्के गावोगाव फिरतात. कंपनीनं असं चलन कधी काढलं नाही, ते देवळाबाहेर विकायला केलेले टोकन आहेत. दीक्षाभूमीवर, यात्रेत मिळणारी पदकंही लोक नाणी म्हणून जपतात. जपायला हरकत नाही, पण त्यांचा दर्जा काढायचा नसतो.

सरकारी नाण्यावर तीन गोष्टी शोधा: अशोकस्तंभाचे सिंह, "भारत" आणि "इंडिया" ही अक्षरं, आणि रुपये-पैशांत लिहिलेली किंमत. तिन्ही असतील तरच पुढं जा.

मग वहीत एक ओळ लिहा: किंमत, विषय, साल, धातूचा रंग. उदाहरणार्थ, "एक रुपया, संत ज्ञानेश्वर, १९९९, पांढरं". किंवा "दोन रुपये, छत्रपती शिवाजी महाराज, १९९९, पांढरं, अकरा कोनी". कोन मोजा. त्या काळच्या दोन रुपयांना अकरा कोन असतात, आणि घासून गोल झालेलं नाणं कोन मोजतानाच पकडलं जातं.

## टप्पा ३: काटा आणि चुंबक

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळे तो गाळतात.

- १९९२ पासून २०११ च्या आधीपर्यंतचा स्टीलचा रुपया, ज्ञानेश्वरांचाही: २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. चुंबकाला चिकटतो.
- तांबे-निकेलचे अकरा कोनी दोन रुपये: २६ मिलिमीटर, ६ ग्रॅम. चिकटत नाहीत.
- तांबे-निकेलचे जाड पाच रुपये: २३ मिलिमीटर, ९ ग्रॅम. चिकटत नाहीत.
- दहाचं दोन धातूंचं नाणं: २७ मिलिमीटर, ७.७१ ग्रॅम.
- गांधी शताब्दीचे १९६९ चे चांदीचे दहा रुपये: १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के.
- स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे १९७२ चे दहा रुपये: २२.५ ग्रॅम, चांदी निम्मी.

वापरलेलं नाणं थोडं हलकं भरतं. शतांश ग्रॅमचा फरक आला म्हणून घाबरू नका. पण नऊच्या जागी सात भरलं, तर हातातलं नाणं तुम्ही समजता ते नाही.

पाच रुपयांच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. २००४ ते २००७ या काळातल्या काही स्मारक नाण्यांचं चित्र तेच, साल तेच, पण एक नाणं तांबे-निकेलचं आणि दुसरं स्टीलचं. दांडीयात्रेच्या नाण्यात हे दिसतं. टेबलावर शेजारी ठेवली तर पटकन ओळखू येत नाहीत. चुंबक लावलं की एक उडी मारतं, दुसरं जागचं हलत नाही. काट्यावर एक सहा ग्रॅमचं, दुसरं नऊचं. दोन्ही वेगवेगळी नाणी म्हणून लिहा, नाहीतर पुढं भाव विचारताना भलत्याच नाण्याचा भाव पाहाल.

तपासा: वहीतल्या ओळीत आता वजन, व्यास आणि "चिकटतं / चिकटत नाही" हे आलं का? नसेल तर टप्पा ४ ला जाऊ नका.

## टप्पा ४: टाकसाळीची खूण

साल लिहिलंय त्याच्या खाली पाहा. चौकोनी हिरा म्हणजे मुंबई, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे खास पद्धतीनं पाडलेल्या नाण्यांवर हिऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षर दिसतं: जुन्यांवर "बी", नंतरच्यांवर "एम".

चूक होते ती एकाच प्रकारची. हिरा झिजला की त्याची टोकं जातात आणि तो ठिपक्यासारखा दिसतो. तारा मळानं भरला की तोही ठिपकाच. मग माणूस "नोएडा" लिहून मोकळा होतो. भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवा. गोल ठिपका कुठूनही सारखाच दिसतो. हिऱ्याला फिरवताना चार वेळा कोपरा चमकतो. तरीही खात्री होत नसेल तर खूण अस्पष्ट असं लिहा. अंदाज लिहून ठेवला की वर्षभरानं तोच आपल्याला खरा वाटायला लागतो.

## टप्पा ५: प्रकाशाखाली पाहणं

इथं घाई केली की सगळं गेलं. एका नाण्याला निदान पाच मिनिटं द्या. दोन्ही बाजू स्वतंत्र पाहायच्या, आणि भिंग शेवटी उचलायचं.

आधी चमक. नाणं बल्बखाली कडेनं धरा आणि हळूच इकडून तिकडं कलवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे दोन-तीन पट्टे मधून कडेकडं गोल फिरताना दिसतात, बंडीच्या चाकाचे आरे फिरावेत तसे. ठसा पडताना धातू दाबानं मधून बाहेर सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा उमटतात. उजेड त्या रेघांवरून फिरतो. नाणेवाले याला लस्टर म्हणतात. घासलेल्या नाण्याच्या रेघाच पुसल्या जातात. ते चमकतं, पण पट्टा फिरत नाही, सगळीकडून एकसारखं पांढरं भगभगीत दिसतं. घासलेलं भांडं आणि न वापरलेलं नाणं यातला फरक इथं दिसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरात १९६९ चे गांधीजींचे दहा रुपये होते, चांदीचे. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळद-कुंकू लागायचं, कधी दूधही. कॉलेजात असताना एका दिवाळीला मी ते लिंबू आणि राखेनं घासून काढलं आणि आईला दाखवलं. तिला आवडलं. पुढं बऱ्याच वर्षांनी नागपूरला इतवारीत एका जाणत्या माणसाला दाखवलं. त्यानं बल्बखाली एकदा कलवलं आणि "चांदीच्या वजनाचे घ्या" म्हणून परत केलं. भिंगातून पाहिलं तर गांधीजींच्या गालावरून केसासारख्या शेकडो समांतर रेघा गेलेल्या. ते नाणं अजून आहे. नव्या माणसाला हेअरलाइन म्हणजे काय हे दाखवायला मी तेच काढतो.

मग उंचवटे. नाणं सगळ्यात आधी झिजतं ते वर आलेल्या भागावर: व्यक्तिचित्रात गाल, भुवई, कानाच्या वरचे केस, आणि दुसऱ्या बाजूला मधल्या सिंहाची छाती. या जागा सपाट दिसल्या तर दोन शक्यता असतात, आणि दर्जा ठरवताना सगळ्यात जास्त गोंधळ यातच होतो.

एक शक्यता झीज. दुसरी, ठसाच नीट बसलेला नाही. एका बाजूचं चित्र खोल असेल तर दाबलेला धातू तिकडं खेचला जातो आणि त्याच जागी मागच्या बाजूला सिंहाच्या छातीला धातू पुरत नाही. असं नाणं टाकसाळीतूनच सपाट छातीचा सिंह घेऊन बाहेर पडतं. ओळखायचं कसं? सपाट जागेवर उजेड कलवा. चमकेचा पट्टा त्या जागेवरूनही न तुटता गेला तर ठसा कमजोर आहे, झीज नाही. पट्टा तिथं आला की तुटला आणि जागा मंद राखाडी दिसली, तर ती झीज. कमजोर ठशाचं नाणं यूएनसी, म्हणजे न वापरलेल्या दर्जाचं, असू शकतं. झीज असलेलं कधीच नाही, मग ते बाकी कितीही देखणं असो.

मग मोकळी जागा. चित्राच्या आजूबाजूच्या सपाट भागात बारीक खड्डे, टोचे, ओरखडे पाहा. पिशवीत नाण्यावर नाणं आदळून पडलेल्या या खुणांना बॅगमार्क म्हणतात. किती आहेत यापेक्षा कुठं आहेत ते महत्त्वाचं. गालावरचा एक टोचा कडेजवळच्या चारांपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण नजर आधी तिथंच जाते.

आता भिंग. रेघ दिसली की पहिला प्रश्न: ती वर आलेली आहे की खोदलेली? उजेड एका बाजूनं ठेवा. वर आलेल्या रेघेची उजेडाकडची बाजू उजळते आणि पलीकडं सावली पडते. खोदलेल्या रेघेत हे उलटं होतं. वर आलेली रेघ म्हणजे ठशावरच ओरखडा किंवा तडा होता आणि तो नाण्यावर उमटला. तो टाकसाळीचा दोष, त्यानं दर्जा फारसा उतरत नाही. खोदलेली रेघ नंतरची, ती दर्जा खाते.

शेवटी कड. पाचच्या जाड नाण्याच्या कडेत खाच असते आणि खाचेत नक्षी. ती सगळीकडं सारखी आहे का पाहा. दहाच्या नाण्यात दोन धातूंचा सांधा पाहा. तिथं काळी फट किंवा हिरवट डाग असेल तर नाणं ओलीत राहिलेलं आहे.

थांबा: काही डाग दिसला म्हणून या टप्प्यात रुमालानंही पुसू नका. सुटी माती असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवून ठेवा, मग मऊ कापडावर ठेवून वरून टिपा. टिपायचं, चोळायचं नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, पितळ घासायची पावडर या पाचांनी आपल्या भागातली जितकी नाणी मेली तितकी चोरांनी नेली नसतील.

## टप्पा ६: दर्जा लिहा

जगात सत्तर गुणांची शेल्डन मोजपट्टी चालते. त्यात साठ ते सत्तर हे न वापरलेल्या नाण्यांचे. आपल्याकडचे विक्रेते बहुधा अक्षरांत बोलतात, आणि घरी बसून दर्जा ठरवायला तेवढं पुरे आहे.

यूएनसी म्हणजे झीज शून्य, चमकेचा पट्टा अखंड. बॅगमार्क चालतात, पण किती ते लिहा. चेहरा स्वच्छ असेल तर "उत्तम यूएनसी" असं माझ्यापुरतं मी लिहितो. एयू म्हणजे चमक जवळपास पूर्ण, फक्त सगळ्यात उंच एक-दोन जागांवर पट्टा तुटतो. एक्सएफ म्हणजे उंचवटे स्पष्ट सपाट, चमक फक्त अक्षरांच्या आडोशाला उरलेली. व्हीएफला चमक नाही, पण बारकावे वाचता येतात. त्याखालचं आधुनिक स्मारक नाणं मी ठेवत नाही. ही नाणी लाखोंनी निघालेली आहेत, आज ना उद्या चांगलं मिळतंच. अपवाद एकच: घरातली आठवण. तिचा दर्जा काढूच नका.

दोन बाजूंचा दर्जा वेगळा आला तर कमी असलेला धरायचा. सिंहाची बाजू यूएनसी आणि चेहरा एयू असेल तर नाणं एयू. घासलेल्या नाण्याला अक्षराबरोबर "घासलेलं" हा शब्दही लिहायचा. विकताना तो लपवला तर पुढचा माणूस पहिल्याच कलण्यात पकडतो.

स्वतःच्या नाण्याला सगळेच अर्धी पायरी जास्त देतात. मीही देतो. त्यावर दोन उपाय मला लागू पडले. एक, नव्या पिशवीतलं निवडलेलं एक नाणं कायम शेजारी ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून पाहायचं. दुसरा, आजचा दर्जा वहीत लिहून झाकायचा आणि दोन दिवसांनी तेच नाणं पुन्हा पाहून लिहायचा. दोन्ही वेळा वेगळा आला तर कमी असलेला खरा.

## टप्पा ७: संच घेताना

"प्रूफ" हा दर्जा नाही, नाणं पाडायची पद्धत आहे. घोटलेले ठसे आणि निवडक चकत्या वापरून पाडलेल्या प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ असतं. प्रूफ नाणंही बोट लागून, घासून खराब होतं. टाकसाळीच्या संचातलं "यूएनसी" म्हणजे साध्या पद्धतीनं पाडलेलं, न वापरलेलं. विक्रेता हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायला लागला की सावध व्हा.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे भारत सरकारच्या टाकसाळींच्या संकेतस्थळावर नोंदणी करणं. ओळखपत्राचे तपशील द्यावे लागतात, आणि खोकं घरी यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. आमच्याकडं पिनकोड बरोबर असूनही पोस्टमनभाऊंना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर घरी कोणी नाही म्हणून परत जातं.

जुना संच दुसऱ्याकडून घेताना नाण्यांच्या आधी खोकं पाहा. एका प्रदर्शनात मी "मूळ पॅकिंग" म्हणून घेतलेल्या संचात दोन नाणी टाकसाळीची होती आणि तिसरं चलनातलं, चांगलं घोटून बसवलेलं. प्लास्टिकच्या झाकणातून तिन्ही सारखीच चमकत होती. झाकण न उघडता टॉर्च लावून कलवून पाहिलं असतं, तर तिसऱ्याचा पट्टा फिरत नाही हे तिथंच दिसलं असतं. तेव्हापासून खिशात छोटी टॉर्च असते.

## टप्पा ८: ठेवायचं कसं

आपल्या भागात नाणी दोनदा मार खातात: मे महिन्यात उष्णतेनं आणि जुलैपासून ओलीनं.

शाळेच्या फोटो अल्बमसारखी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पानं पीव्हीसीची असतात. पंचेचाळीस अंशांत, त्यातही टिनाच्या छपराखाली, ती चिकट होतात आणि तांबे असलेल्या नाण्यांवर हिरवट थर सोडतात. कडक, वास न येणाऱ्या पॉलिएस्टरच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोन किंवा गोल कॅप्सूल घ्या. चौकोनाला मारलेल्या पिना पक्कडनं चपट्या करा. शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो तो बहुतेक वेळा याच पिनेचा.

चांदीच्या नाण्याजवळ रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरीचं कापड नको. त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. चुलीच्या धुरापासून आणि देवघरातल्या उदबत्तीपासूनही लांब ठेवा. कूलरच्या खोलीतलं कपाट तर नकोच. दिवसभर ओली हवा आत ओढली जाते आणि पहिल्या पावसाआधीच डाग दिसतात. मी आतल्या कोरड्या खोलीतल्या लोखंडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि पोळ्याच्या आसपास पुड्या बदलतो.

तपासा: वर्षातून दोनदा पेटी उघडून वास घ्या. प्लास्टिकचा वास आला तर त्याच दिवशी पाकिटं बदला.

## टप्पा ९: आता भाव

इथवर येईपर्यंत तुमच्याकडं पूर्ण ओळ असते: "दोन रुपये, शिवाजी महाराज, १९९९, ६ ग्रॅम, चिकटत नाही, खूण हिरा, एयू". याच ओळीवर भाव पाहायचा. विक्रीला लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. लिलावात खरोखर विकलं गेलेलं, त्याच खुणेचं, त्याच दर्जाचं नाणं शोधा. विदेशी कंपनीकडून दर्जा करून आणायचा खर्च बहुतेक चलनी स्मारक नाण्यांच्या किमतीपेक्षा जास्त पडतो, त्यामुळे तिकडं फक्त खरोखर दुर्मीळ तुकडे पाठवा.

वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, असा व्हिडिओ गावात दर वर्षी नव्यानं फिरतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी नाण्याचा फोटो पाठवला. समोरून फोन आला की नाणं पक्कं, फक्त आधी "नोंदणी फी" भरा. ते पैसे भरायला निघाले होते, वाटेत दुकानावर थांबले. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही, आणि तिच्या नावानं मागायचा अधिकारही तिनं कोणाला दिलेला नाही. नाणं विकणाऱ्याला आधी पैसे भरावे लागतात असा व्यवहार मी आजवर पाहिलेला नाही.

काकांचं नाणं मी बल्बखाली धरलं. २०१२ चं, पाच रुपयांचं, पट्टा उंचवट्यावर तुटत होता, कडेला पितळ तपकिरी झालेलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाच रुपये," मी म्हटलं. "पाहिजे तर चहापत्तीची पुडी देतो."

पुडी घेऊन गेले. नाणं माझ्या गल्ल्यात आहे.